गाळणारे, चरणारे, बुडणारे

उजनीच्या फुगवट्यावर जानेवारीतलं धुकं विरळ झालं, की थापट्यांचा थवा दिसू लागतो. थापट्या खाताना सहसा मान वर काढत नाही. फावड्यासारखी पसरट चोच पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी धरायची आणि पोहत राहायचं, एवढाच त्याचा सकाळचा उद्योग. कधी आठ-दहा जण एकामागे एक गोल फिरतात. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेलं मागच्याच्या तोंडात जातं. तिथून हाकेच्या अंतरावर, पाणी हटून उघड्या पडलेल्या काठावर पट्टकादंब हंस चरत असतात. मान खाली, गवताला एक झटका, दोन पावलं, पुन्हा झटका. आणि मधल्या खोल पाण्यात लालसरी क्षणभर दिसते, बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘अन्न’ हा विषय कळवला, तेव्हा त्यांच्या मनात पाककृती, पीकपाणी, भूक असं काही असणार. मला आठवले हे तीन पक्षी. तिघांचं कूळ एक. बदकं, हंस, राजहंस मिळून पक्ष्यांचा जो गण होतो, त्यात आज जगात पावणेदोनशेच्या आसपास जाती आहेत. या तिघांचे सांगाडे शेजारी शेजारी मांडले, तर मात्र चोचीच्या टोकापासून पायाच्या नळीपर्यंत फरक दिसतो. हा फरक किती खाण्यामुळे आणि किती इतर कारणांनी, हे बघायला मी निघाले.

एका पाण्यावरच्या तीन पंगती

भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं. पाण्याखाली गावं गेली, शेतं गेली, आणि भिगवण-कुंभारगावच्या बाजूला उथळ पाण्याचा अफाट पसारा तयार झाला. पावसाळ्यानंतर तुडुंब भरलेलं पाणी हिवाळाभर शेतीसाठी सुटत जातं आणि काठ मागे मागे सरकतो. उघड्या पडलेल्या गाळावर आधी कोवळं गवत येतं, मग माणसं गाळपेर करतात. सरकत्या काठाला लागून वीतभर पाणी, त्यापुढे कमरेइतकं, त्यापुढे खोल, अशी उतरंड असते.

मला पाण्यावर नेणारा नावाडी मासेमारीच्या घरातला. आता हंगामात रोहित पक्षी दाखवण्यावर त्याचं घर चालतं, त्यामुळे मी बदकांकडे बोट दाखवत राहिले याचं त्याला नवल वाटलं. पण बदकांविषयी त्याला जे ठाऊक होतं, ते पुस्तकातलं नव्हतं. “ताई, थापट्या पायजे तर गढूळ पाणी बघायचं,” तो वल्हं थांबवून म्हणाला. “लालसरी तिथं नाय यायची. तिला खालचं शेवाळ लागतं.” हंस कुठं मिळतील, हे विचारल्यावर त्यानं पाण्याकडे पाहिलंही नाही, काठावर कुठल्या तुकड्यात गवत फुटलंय, ते सांगितलं.

त्याच्या तीन वाक्यांत पाणपक्ष्यांच्या आहाराची मुख्य विभागणी आली. थापट्या गाळतो: पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव, बारीक बिया, अळ्या. हंस चरतो. लालसरीच्या जाती बुडी मारून तळाच्या वनस्पती, कंद, शंख-शिंपल्यातले जीव काढतात. बाकीची बदकं या तिघांच्या अधेमधे. तलवार बदक शेपूट आभाळाकडे करून जिथवर मान पोहोचेल तिथवरचा तळ उपसतं. तरंग बदक पाण्यावर राहूनही संधी मिळताच काठावर चढून हंसासारखं चरतं. वर्षभर इथंच राहणारं हळदी-कुंकू मिळेल ते खातं.

जबड्यातला अडकित्ता

पाण्यावरून चोचीचा आकार दिसतो, पण तिच्या आतलं हाड बघायला मी शहरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात गेले. तिथल्या लाकडी कपाटात पाळीव बदकाची आणि पाळीव हंसाची अशा दोन कवट्या होत्या, वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या. प्रयोगशाळेतल्या बाईंनी दोन्ही टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, “आधी वरून बघू नका, बाजूनं बघा.”

बाजूनं बघितल्यावर हंसाची चोच मुळाशी उंच, पुढे निमुळती. बदकाची मुळाशी बरी उंच, पण लगेच सपाट होत पुढे रुंदावलेली. बदकाच्या चोचीच्या टोकाशी हाडाला बारीक बारीक छिद्रं होती, सुईनं टोचल्यासारखी. त्या छिद्रांतून मज्जातंतू बाहेर येतात. जिवंत बदकाची चोच टोकाशी अतिशय संवेदनशील असते. गढूळ पाण्यात दाणा कुठला आणि खडा कुठला, हे ते डोळ्यांनी नाही, स्पर्शानं ठरवतं.

मग बाईंनी बदकाचा खालचा जबडा वेगळा काढून दिला. जिथं तो कवटीला सांधला जातो, तिथं तो संपत नाही. सांध्याच्या मागे हाडाचं एक लांब, वाकडं पातं निघालेलं असतं. त्याला धरून असलेला स्नायू आकसला की जबडा उघडतो. आपल्याला तोंड उघडायला फारसं बळ लागत नाही, म्हणून ही सोय विचित्र वाटते. पण बदकाला पाण्यात, चिखलात तोंड उघडायचं असतं, तेही सेकंदाला अनेक वेळा. मिटण्याइतकंच उघडणंही त्याच्यासाठी कष्टाचं काम आहे.

हंसाचा हिशेब वेगळा. गवताचं पातं धरून तोडायला वेग नको, पकड हवी. घरातला अडकित्ता आठवा: सुपारी खिळीजवळ ठेवली तर फुटते, टोकाशी ठेवली तर निसटते. चोच आखूड आणि मुळाशी उंच केली, की स्नायूंचं बळ टोकापर्यंत फारसं न घटता पोहोचतं. चोच लांब आणि सपाट केली, की टोक झपाट्यानं हलतं, पाणी जास्त मावतं, पण बळ घटतं. एकच जबडा दोन्ही कामांत अव्वल असू शकत नाही. पाणपक्ष्यांच्या तोंडाची सारी उत्क्रांती या देवघेवीभोवती फिरते.

पाणी आत, पाणी बाहेर

गाळण्याचं यंत्र मात्र नुसत्या हाडाचं नाही. चोचीच्या दोन्ही कडांना आतून पातळ, लवचीक पात्यांची रांग असते. जीभ मागे ओढली, की चोचीच्या टोकातून पाणी आत येतं. जीभ पुढे सरली, की तेच पाणी कडांच्या पात्यांमधून बाहेर पडतं आणि खाद्य आत अडकतं. बदकाची जीभ जाड आणि मांसल असते. तिच्या आतला हाडांचा सांगाडाही भक्कम असतो, कारण दट्ट्याचं काम तिच्याकडे आहे.

हे यंत्र चार्ल्स डार्विनच्या युक्तिवादात फार मोक्याच्या जागी आलं. सेंट जॉर्ज मिवार्ट या टीकाकाराचा प्रश्न होता, की देवमाशाच्या तोंडातल्या गाळणीसारखी गोष्ट अर्धवट तयार असताना काय कामाची? अशा आक्षेपांना उत्तर देताना, 1872 च्या ‘ओरिजिन’च्या सहाव्या आवृत्तीत, डार्विन देवमाशावरून बदकांवर आला. त्यानं तपासलेल्या थापट्याच्या वरच्या चोचीत प्रत्येक बाजूला 188 पाती होती, साध्या बदकात सुमारे 50, आणि हंसांमध्ये तीच पाती आखूड, जाड, गवत कापायच्या कामाची. मधली प्रत्येक पायरी आज कुणीतरी जगतं आहे, पोट भरतं आहे, हे त्याचं उत्तर होतं. उजनीच्या काठावर उभं राहिलं, तर त्या उत्तरातला बहुतेक पुरावा एका दुर्बिणीत मावतो.

डार्विननं हाडंही तोलली होती. रानबदक आणि पाळीव बदक यांच्या सांगाड्यांची तुलना करून त्यानं नोंदवलं, की पूर्ण सांगाड्याच्या मानानं पाळीव बदकाच्या पंखांची हाडं हलकी आणि पायांची जड असतात. कारण म्हणून त्यानं अवयव वापरण्या-न वापरण्यावर भर दिला. आज त्यात निवडीचा वाटा मोठा धरला जातो. आयतं खाणं मिळणाऱ्या आणि कुंपणात चालणाऱ्या बदकाचा सांगाडा काही शतकांत बदलतो, ही नोंद मात्र टिकून आहे.

तळाशी जाण्याची किंमत

अन्नाचा ठसा जबड्यापाशी थांबत नाही. लालसरी पाण्यावरून उडते कशी, ते बघावं. तलवार बदक किंवा चक्रांग पाण्यातून सरळ वर झेपावतं. लालसरीला पाण्यावर पाय आपटत लांब धावावं लागतं. तिचे पाय शरीराच्या मागच्या टोकाला असतात. बुडी मारून पुढे रेटा द्यायला ती जागा उत्तम, चालायला वाईट. जमिनीवर लालसरी डुलत, अवघडून चालते. उलट हंसाचे पाय शरीराच्या मध्याजवळ येतात, म्हणून तो तास न् तास चरत फिरू शकतो.

हाडांच्या आतही फरक आहे. पक्ष्यांची अनेक हाडं पोकळ असतात आणि फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या त्या पोकळ्यांत शिरतात. पॅट्रिक ओ’कॉनर या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञानं 2004 साली या गणातल्या पक्ष्यांची हाडं त्या दृष्टीनं तपासली. बुडी मारणाऱ्या जातींच्या हाडांतली हवा कमी झालेली आढळली. हवा भरलेलं शरीर बुडवणं म्हणजे प्रत्येक बुडीला जास्तीचे कष्ट. दुसऱ्या टोकाला दक्षिण अमेरिकेतले स्क्रीमर: याच गणातले, पण कोंबडीसारख्या चोचीचे, दलदलीत चरणारे पक्षी. त्यांच्या जवळजवळ साऱ्या सांगाड्यात हवा खेळते.

बुडी न मारता खोलवरचं खाण्याचा आणखी एक मार्ग राजहंसांनी काढला. त्यांच्या मानेत 22 ते 25 मणके असतात. साध्या बदकाच्या मानेत 16 च्या आसपास. (जिराफाच्या मानेत सात, माणसाच्याही सात.) शरीर वर तरंगत ठेवून लांब मानेनं पाण्याखालच्या वनस्पती खुडायच्या, म्हणजे पायांची जागा बदलायला नको आणि हाडं जडही व्हायला नकोत. अन्न तेच, खोली तीच, आणि सांगाड्याची उत्तरं दोन.

बदकातून हंस, पुन्हा पुन्हा

साधारण समज असा, की हंसाची सरळसोट चोच आधीची आणि बदकाची गुंतागुंतीची चोच नंतरची. पुरावा उलट दिशेला जातो. आरन ओल्सेन या संशोधकानं पाणपक्ष्यांच्या चोचींचे आकार त्रिमितीत मोजून, त्यांची वंशावळ आणि आहार यांच्याशी ताडून पाहिले. 2017 मध्ये ‘फंक्शनल इकॉलॉजी’त आलेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की चोचीच्या वैविध्यामागचं मुख्य कारण आहार आहे. समूहाचा मूळ पूर्वज बदकासारख्या चोचीचा असावा, आणि हंसासारखी चोच त्यातून एकदा नव्हे, वेगवेगळ्या शाखांवर अनेकदा निर्माण झाली.

जीवाश्मांत याला जुळणारा एक पक्षी आहे. प्रेस्बिऑर्निस पाच-सहा कोटी वर्षांपूर्वी उथळ तळ्यांच्या काठी जगत होता. पाय रोहितासारखे लांब, डोकं मात्र बदकाचं, गाळण्याच्या चोचीसह. स्क्रीमरच्या चोचीतही बारीक पात्यांचे अवशेष दिसतात. त्याचे पूर्वज कधीकाळी गाळून खात असावेत, असं त्यावरून काही अभ्यासक म्हणतात.

पुन्हा पुन्हा घडलेला हा प्रकार पाहायला परदेशी जायची गरज नाही. विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजानं बांधलेल्या या तळ्यांत धीवर मासेमारी करतात, शिंगाडा लावतात. मारुती चितमपल्लींच्या लेखनातून मराठी वाचकाच्या ओळखीचं झालेलं नवेगाव बांध याच मुलखातलं. तिथं कमळांच्या पानांमध्ये काणूक असतो, भारतातलं सर्वांत लहान बदक, वजन पाव किलोच्या आसपास. मी गेले तेव्हा एका धीवर आजोबांनी तो पानाआडून आधी ओळखला. मला दुर्बिणीतूनही वेळ लागला. नर पांढराशुभ्र, पाठीवर हिरवट चमक, आणि चोच बघावी तर हंसाची: आखूड, मुळाशी उंच. काणूक हंसांच्या शाखेवरचा नाही. कमळांच्या बिया आणि पाणवनस्पतींचे कोवळे भाग टिपत त्याच्या वंशानं तो आकार स्वतंत्रपणे गाठला आहे.

असं वारंवार का व्हावं? गवत आणि पाला जवळजवळ सगळीकडे असतो. पाण्यातले सूक्ष्म जीव काही काळ, काही ठिकाणी. एखाद्या शाखेला पाल्याची वाट मोकळी सापडली, की थोडी उंच, थोडी आखूड चोच असलेल्यांचं पोट जास्त भरतं, त्यांची पिल्लं जास्त जगतात. सांगाडा आहाराकडे वळतो तो असा, पिढ्यांच्या निवडीतून. एका पक्ष्यानं जन्मभर गवत खाल्लं म्हणून त्याच्या पिल्लाची चोच उंच होत नाही.

हवाईची पाला खाणारी बदकं

ही वाट शेवटपर्यंत चालली तर काय होतं, याचं उत्तर हवाई बेटांवरच्या हाडांत आहे. स्टॉर्स ओल्सन आणि हेलन जेम्स या स्मिथसोनियन संस्थेतल्या अभ्यासकांनी तिथल्या लाव्हाच्या बोगद्यांतून, वाळूच्या टेकड्यांतून, चुनखडीच्या खळग्यांतून नामशेष पक्ष्यांची हाडं गोळा केली. त्यांत ‘मोआ-नालो’ नावानं ओळखले जाणारे मोठे, न उडणारे पक्षी होते, चार ते सात किलोंचे. पंखांची हाडं नाममात्र, पाय आणि कटिबंध भरभक्कम, जबडे उंच. काहींच्या जबड्याच्या कडेला हाडाचेच दातेरी उंचवटे होते. कौआई बेटावरच्या जातीची चोच तर कासवाच्या जबड्याच्या वळणाची.

बघणाऱ्याला हे हंसच वाटणार. पण हाडांतून काढलेल्या डीएनएचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला आणि नातं निघालं पाण्यावर चोच चालवणाऱ्या साध्या बदकांशी, म्हणजे माळर्ड आणि आपलं हळदी-कुंकू ज्या गोतावळ्यात येतात त्याच्याशी. उजनीवर मिळेल ते खाऊन राहणाऱ्या बदकाचे हे दूरचे चुलते.

त्यांच्या आहाराचा पुरावाही हाती आहे. मावी बेटावरच्या एका गुहेत त्यांची वाळलेली विष्ठा सापडली. जेम्स आणि डेव्हिड बर्नी यांनी ती तपासली, तर त्यात नेच्यांचा आणि इतर पाल्याचा अंश होता, आणि पाला आतड्याच्या मागच्या भागात आंबवून पचवला जात असल्याची चिन्हं. पाला आंबवायला मोठं आतडं लागतं, त्याला मोठं शरीर लागतं, आणि ते पेलायला जाड पाय लागतात. बेटांवर जमिनीवर चरणारा सस्तन प्राणी नव्हता, की पळून जावं असा शिकारी सस्तन प्राणीही नव्हता. मग उडण्याचा खर्च कशाला? जबड्यापासून सुरू झालेला बदल छातीच्या हाडापर्यंत पोहोचला. उलट दिशेनंही काही घडलं: तिथल्या सायानिया प्रजातीतल्या काही झाडांवर कोवळ्या वयात काटे येतात, ते याच पक्ष्यांपासून वाचण्यासाठी असावेत, असं वनस्पतिशास्त्रज्ञांनी मांडलं आहे.

कौआईवरच आणखी एक बदक होतं, तालपानास. 2009 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. कवटीत डोळ्यांच्या खोबणी अगदी लहान, पण चोचीकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची छिद्रं खूप मोठी. ते बहुधा रात्री जमिनीवर, चोचीच्या स्पर्शानं खाद्य शोधत असावं. महाविद्यालयातल्या कवटीच्या टोकाशी मी पाहिलेली बारीक छिद्रं ज्या कामाची, तेच काम इथं टोकाला गेलेलं होतं.

हवाई बेटांवर साधारण हजार वर्षांपूर्वी माणूस पोहोचला आणि त्यानंतर मोआ-नालो संपले. पाल्याशी चोख जुळलेल्या त्या सांगाड्याकडे पळण्याचा एकही उपाय उरला नव्हता.

तीन वेग

खाणं बदललं की पक्षी बदलतो, पण सगळा एकदम नाही. सर्वांत आधी वागणं बदलतं, एका हंगामात. हिमाचलमधल्या पोंग जलाशयाभोवती पट्टकादंब काठच्या कोवळ्या गव्हावर उतरतात. गवतासाठी घडलेली चोच गव्हालाही चालते. त्यानंतर पेषणी, म्हणजे पोटातली दळणारी स्नायूंची पिशवी. चोथट खाणं सुरू झालं की ती काही आठवड्यांत जाड होते. सर्वांत मागे हाड. पाळलेल्या बदकालाही त्यासाठी शतकं लागली. रानात तो हिशेब हजारो, लाखो वर्षांचा.

आपण पाणी बदलतो तो वेग पहिल्या दोघांच्या जोडीचा आहे. उजनीत वरच्या शहरांचं सांडपाणी येतं, पाण्यात खत साचतं, जलपर्णी पसरते. अशा पाण्यात सूक्ष्म जीव वाढतात आणि थापट्याची चंगळ होते. जगभर सांडपाण्याच्या तळ्यांवर थापटे जमतात ते यामुळेच. त्याच गढूळपणामुळे तळापर्यंत ऊन पोहोचत नाही, बुडालेल्या वनस्पती मरतात, आणि तळावर जगणाऱ्या लालसरीला तिथं काही उरत नाही. नावाड्यानं वल्हं थांबवून सांगितलं होतं ते हेच.

म्हणून हिवाळी पक्षिगणनेतला एकूण आकडा फसवा ठरू शकतो. पाच हजार बदकं म्हणजे निरोगी तलाव, असं नाही. त्यांत गाळणारे किती, चरणारे किती, बुडणारे किती, हे वेगळं मोजलं तर पाण्यात काय आहे आणि काय संपत चाललं आहे, ते कळतं. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही; गणनेच्या वहीत तीन रकाने आखावे लागतात, आणि पक्ष्याच्या रंगाआधी त्याच्या चोचीकडे बघायची सवय लावावी लागते.